लहान खोलीत पलंग कोणी ठेवला

ती. ताईस,
धाकट्याचा वाकून नमस्कार.

ताजी वस्तुस्थिती अशी, की आमच्या नव्या घरातल्या लहान खोलीच्या दाराची चौकट आज सकाळी साडेदहाला बसली आणि ती छत्तीस इंच रुंद आहे. मी तीस ठरवली होती. छत्तीस असल्याला सुताराने आधी स्वतःचा टेप लावून दुजोरा दिला, मग माझा टेप लावून दिला, आणि मग छापलेला नकाशा माझ्या हातात ठेवून म्हणाला, की साहेब, तुमच्याच कागदावर छत्तीस आहे. होतं. कागद माझा, छापला मी, खाली सही माझी, आणि तो आकडा मात्र मी लिहिलेला नव्हता.

(बसच्या कचेरीत तीस वर्षं अपघातांचे अहवाल लिहिले. आधी काय झालं, मग दुजोरा कुणाचा, आणि जखमींची विचारपूस सगळ्यात शेवटी, ही सवय आता चितेवरच जाईल.) तर विचारपूस. तुझी टाच कशी आहे? दिवसभर काउंटरमागे उभं राहून लोकांना टाचदुखीची गोळी द्यायची आणि स्वतः घ्यायची नाही, हे तूच करू जाणे. भाऊजींचा खोकला काय म्हणतो? बाबांचं मी विचारत नाही, ते पुढे येणारच आहेत. आम्ही दोघं बरे आहोत. माझा रक्तदाब थोडा वर आहे. डॉक्टर म्हणाले काळजीसारखं काही नाही, पण त्यांनी आमच्या घराचा नकाशा पाहिलेला नाही.

पत्र घरी न पाठवता तुझ्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर का पाठवलं, ते कळेलच. फक्त घरी नेऊ नकोस. वाचून झालं की गिऱ्हाइकाच्या पिशवीत चुकून जाणार नाही असं ठेव.

सुरुवात हिच्यापासून झाली. नवं घर ताब्यात आल्यावर ही म्हणाली, की मागच्या वेळेसारखं हातात छत्री घेऊन हवेत 'इथे कपाट, तिथे टेबल' करायचं नाही, काय ते कागदावर दाखवा. कचेरीतल्या एकाने सांगितलं, की घर सजवायचं एक सॉफ्टवेअर मिळतं, नवशिक्यांसाठी अगदी सोपं. ते उघडल्यावर पहिल्याच पानावर तसं लिहिलेलंही होतं. ताई, ज्या वस्तूवर 'सोपं' लिहावं लागतं तिच्यापासून माणसाने दोन हात लांब राहावं. पहिल्या दिवशी तीन तास खपून मी चार भिंतींचं देखणं घर उभं केलं. हिने चष्मा लावून पाहिलं आणि आत कुठून जायचं ते विचारलं. दार राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दारं केली, तर त्यातलं एक स्वयंपाकघराच्या छताला लागलं. संडासाचं भांडं चुकून बैठकीच्या खोलीत पडलं. ते पुसायला जावं तर शेजारी आणखी एक उगवे. संध्याकाळपर्यंत अकरा भांडी ओळीने बसली होती, एखाद्या मंडळाची सभा भरल्यासारखी. लहान खोलीची पश्चिमेची भिंत मात्र मी जिद्दीने काढली. ती किंचित तिरकी आली. सात वेळा पुसून काढली, सातही वेळा तिरकी.

त्या खोलीसाठी जिद्द का, ते तुला सांगायला हवं. ती माझी खोली होती. एक टेबल, एक फळी, आणि बंद होणारं दार. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, त्याआधी तू, मी, आई, बाबा एका खोलीत. बंद होणारं दार माझ्या वाट्याला फक्त न्हाणीघराचं आलं, आणि त्यावरही लगेच कुणीतरी टकटक करायचं. आता निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. हिलाही ते मान्य होतं. (म्हणजे ती काही बोलली नव्हती.) दार तीस इंचांचं पुरे म्हटलं, कारण आत जाणारा मी एकटा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नकाशा उघडला तर भिंत सरळ होती.

मला आनंद झाला. वाटलं, यंत्राला माझी दया आली. चौथ्या दिवशी दहा भांडी नाहीशी झाली होती, आणि अकरावं जिथे असायला हवं तिथे, भिंतीपासून योग्य अंतर राखून बसलं होतं. त्याच्या शेजारी हाताला धरायचा एक दांडा होता. न्हाणीघराचा उंबरा गेला होता. मी हिला बोलावून माझी प्रगती दाखवली आणि दांड्याबद्दल काही बोललो नाही. पाचव्या दिवशी माझ्या खोलीत पलंग होता. एकाच माणसाचा, खिडकीजवळ. माझं टेबल फेकलेलं नव्हतं. ते बाहेर, मधल्या बोळात, भिंतीला लावून उभं होतं, जरा वेळ थांबायला सांगितलेल्या माणसासारखं.

मी पलंग पुसला. दुपारच्या चहाला तो परत आला. पुन्हा पुसला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून येतो तर पुन्हा तिथेच, या वेळी उशीसकट. साहजिकच संशय हिच्यावर गेला. तिने भाजी चिरायची थांबवली नाही. म्हणाली, ''मला तुमच्या खोलीत पलंग घालायचा असता तर तुमच्या देखत घातला असता. न बोलता करायला मी काय तुमच्या माहेरची आहे?'' पुरुषाला माहेर नसतं हे मी दाखवून दिलं. ती म्हणाली, तुम्हाला आहे, आणि तिथे सगळे घुमे आहेत.

मग सुताराला साक्षीदार म्हणून बसवलं. आमचा सुतार चांगला वयस्क, शांत माणूस आहे, लाकडाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. तो मापं घ्यायला जुन्या घरी आला होता. दुपार, चारचा सुमार, खिडकीतून लख्ख ऊन, खाली रस्त्यावर दुरुस्तीवाल्याचा ठोकाठोकीचा आवाज. मी त्याला चहा दिला, नकाशा उघडला आणि माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले. ही, सुतार आणि मी, तिघं पाहत होतो. थोडा वेळ काही झालं नाही. मग पडद्यावरचा पलंग हलला. भिंतीकडे सरकला, थांबला, बोटभर मागे आला, पुन्हा थांबला. भिंतीवर तसबीर लावल्यावर माणूस मागे होऊन बघतो ना, तसा. सुताराने कप खाली ठेवला. म्हणाला, ''बरोबर लावतायत. खिडकीची झडप पलंगाला अडत होती.'' एवढं बोलून तो उठला आणि चहा तसाच टाकून गेला. त्या दिवसापासून तो आमच्याकडे आला की संगणकाकडे पाठ करून बसत नाही. 'लावतायत' असं आदरार्थी का म्हणाला, ते विचारायचं माझ्याने झालं नाही.

याहून वाईट प्रकार 'फिरून पाहा'चा. त्यात एक बटण आहे, ते दाबलं की आपण काढलेल्या घरातून चालत गेल्यासारखं दिसतं. मी चालू लागलो तर ओटा माझ्या छातीशी आला. खिडकीची कड हनुवटीला. वरची कपाटं तर अशी लांब गेली, की टाचा उंचावूनही हात पोचला नसता. मला वाटलं, घरच उंच काढलं. सगळी मापं तपासली, ती बरोबर होती. शोधता शोधता एका कोपऱ्यात सापडलं, की पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून किती उंचीवर धरायचे हे तिथे नोंदवता येतं, आणि नोंद चार फूट सात इंचांची आहे. मी माझी उंची घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार फूट सात. ताई, आपल्याच घरातून दुसऱ्या कुणाच्या तरी उंचीने फिरून बघ एकदा. चाल संथ होते. दाराची वरची कडी बघायला मान वर करावी लागते. समोर कुणी उभं असतं तर त्याच्या चेहऱ्याकडे खालून पाहावं लागलं असतं. कुणी उभं नव्हतं, पण प्रत्येक खोलीत शिरताना वाटायचं, की हे डोळे आधी येऊन गेलेत आणि आता मला दाखवतायत.

त्याच फेरीत खुर्ची दिसली. लहान खोलीत, पलंगाच्या उशाशी, पलंगाकडे तोंड करून. बुटकी, लाकडी, पाठीला तीन उभ्या पट्ट्या. सॉफ्टवेअरमध्ये खुर्च्यांची मोठी यादी आहे, दोनशे बारा खुर्च्या. मी दोन संध्याकाळी बसून सगळ्या पाहिल्या, त्यात ही नाही. सुताराला लांबून दाखवली. तो म्हणाला, जुना नमुना आहे, आता असं कुणी करत नाही, आणि डाव्या हाताची कड झिजलेली दिसते. मी जवळ जाऊन पाहिलं. झिजलेली होती. नकाशातली खुर्ची झिजते कशी?

मी घाबरलो नाही. अपघातांच्या कामात एक शिकलो, की काहीही झालं तरी आधी जबाब घ्यायचा. या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवर अक्षरं लिहिता येतात, 'बैठक', 'देवडी' वगैरे. मी लहान खोलीच्या जमिनीवर, पलंग आणि खुर्ची यांच्या मध्ये लिहिलं, 'कोण आहे?' आणि संगणक बंद करून भाजी आणायला गेलो. परत आलो तेव्हा खाली दुसरी ओळ होती.

'पश्चिमेची झाली. उत्तरेची पण सरळ कर.'

मी उभा राहिलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हातात मेथीची जुडी, आणि ताठ उभा राहिलो. पहिली ते दहावी माझ्या मागे उभं राहून, वहीकडे बोट न दाखवता, एवढंच बोलणारा माणूस जगात एक आहे. जमीनमोजणी कचेरीत छत्तीस वर्षं नकाशे काढणारा. बाबा.

आता उलगडा ऐक, चूक आपल्या सगळ्यांची आहे. आई गेल्यावर तिच्या फोटोंसाठी तू सगळ्यांचं मिळून एक खातं उघडलंस. परवलीचा शब्द आईचं माहेरचं नाव आणि जुन्या घराचा नंबर. एका घराला एक किल्ली, हा बाबांचा नियम, म्हणून वीजबिलापासून सगळ्याला आपण तोच शब्द लावला. सॉफ्टवेअरने खातं मागितलं तेव्हा मीही तोच ठोकला. आणि भाऊजींनी बाबांना बातम्या वाचायला जी काचेची पाटी, म्हणजे टॅबलेट, दिली, तिच्यावर तेच खातं उघडं. म्हणजे मी काढलेली पहिली तिरकी भिंत त्यांच्या मांडीवर जाऊन पडली. ते किती वेळ सहन करणार?

तुला माहीत आहे, फोनवर आमचं बोलणं किती. 'बरा आहेस?' 'बरा आहे.' 'ताईला देतो.' गेल्या सहा दिवसांत आम्ही जमिनीवर लिहून जेवढं बोललो तेवढं गेल्या सहा वर्षांत बोललो नसू. मी लिहिलं, पलंग तुम्ही ठेवलात? उत्तर आलं, 'बसतो का ते पाहत होतो.' मी विचारलं, बसला? दुपारी आलं, 'खोली मोठी आहे. टेबलही बसेल.' मी बोळातून टेबल आत आणलं. सकाळी ते तीन इंच सरकवलेलं होतं, डावीकडून उजेड यावा म्हणून.

चार फूट सातबद्दलही विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर स्वयंपाकघरात सापडलं, ओट्याखाली, बारीक अक्षरात. 'तिने हे घर पाहिलं नाही. फिरवून आणलं.'

आई तेवढीच उंच होती, हे मला तेव्हा सुचलं. मी ही ओळ हिला दाखवली. हिने भाजी चिरायची थांबवली.

आणि आज सकाळी चौकटीचं झालं. सुतार गेल्यावर मी लिहिलं, बाबा, दार छत्तीस का? दहा मिनिटांत उत्तर. 'वॉकर तिसातून जात नाही.' आणि त्याच्या खाली, थोड्या वेळाने, 'तळमजला आहे ना?' मी लिहिलं, आहे.

ताई, आता जरा बसून वाच. नऊ वर्षं तू त्यांना सांभाळलंस. त्यांना तुझ्याकडे काही कमी नाही, आणि ते तसं म्हणालेलेही नाहीत. पण तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि वॉकर आल्यापासून, मी हिशेब केला, चार महिन्यांत ते एकदाही खाली उतरलेले नाहीत. हे ते तुला सांगणार नाहीत. सांगितलं तर तू दुकानापासून दोन तास लांब एखादा तळमजला शोधशील, आणि तुझी टाच त्यात जाईल. म्हणून तो माणूस खिडकीपाशी बसून माझ्या घरात एक एक इंच शिरत होता, आणि मी त्याला दर दुपारी पुसत होतो.

मी लिहिलं, 'गुरुवारी या.' 'या' लिहिताना माझ्याकडून ते अक्षर भिंतीत गेलं. त्यांनी ते बाहेर काढून नीट लावलं आणि पुढे लिहिलं, 'ताईला मी सांगतो.'

भाऊजींना नमस्कार. टाचेला शेक दे.

तुझा,
घुम्या

ता. क. : या पत्राचं खरं काम हे. तुला काही माहीत नाही. सॉफ्टवेअर नाही, पलंग नाही, मी नाही. त्यांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी स्वतः सांगायचं ठरवलंय, ते आपण आधी ओळखलं तर ते विषय बदलून ताप आहे का विचारतील. म्हणून फोन केला नाही. तुमचा फोन कोण उचलतं, तुला माहीतच आहे.

ता. क. दुसरा : वर मी लिहिलं की घाबरलो नाही. ते पलंगापुरतं खरं आहे. मघाशी बाबांना विचारलं, तुमची खुर्ची उशाशी राहू द्यायची की खिडकीशी? त्यांनी लिहिलं, 'खुर्ची माझी नाही. तू ठेवलीस समजून मी हलवली नाही.' मी ठेवलेली नाही. हिने नाही. त्या खात्यात आता उरलीस तू. तू ठेवली असशील तर दोन ओळींत कळव, मला झोप लागेल. ठेवली नसशील तर कळवू नकोस. आम्ही दोघांनी ती तिथेच राहू द्यायचं ठरवलंय, आणि सुताराला पलंग त्या मापाने थोडा पुढे घ्यायला सांगितलंय. त्याने का ते विचारलं नाही.

ता. क. तिसरा : अंदाज असा. बुधवारी सकाळी भाऊजी बाहेर पडले, की बाबा चहा अर्धा ठेवून घसा खाकरतील. तू पाठ करून काहीतरी पुसत राहा, समोर बघितलंस तर त्यांना जमणार नाही. ते म्हणतील, धाकट्याच्या घरात भिंती नीट होत नाहीयेत, चार दिवस जाऊन बघून येतो. तू आधी 'काय गरज आहे' म्हण. थोडी रागाव, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. मग बॅग काढ. चार दिवसांचे कपडे ते स्वतः सांगतील, तू सगळे भर. आणि चार म्हणजे किती, ते विचारू नकोस.